कयाकमधून समुद्रात गरीची मासेमारी : सुरुवात कशी करावी?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे मूळ घर दापोली तालुक्यात आंजर्ल्याला आहे. नोकरीनिमित्त पुण्यात राहत असलो तरी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावी जाणे-येणे चालू असते. खडपावरून (किनाऱ्याच्या खडकांवरून) गरी टाकून तांबोशी, पालू, शिंगाळा असे मासे मी लहानपणापासून धरत आलो आहे. खडपापलीकडे, जिथे आपली गरी पोचत नाही, तिथे पाणी उसळते, घारी फिरतात आणि आपण काठावर उभे राहून बघत बसतो. होडी घ्यायची तर ती ठेवायची कुठे, सांभाळायची कोणी आणि ढकलायला चार माणसे आणायची कुठून, हे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून एकट्याला वाहून नेता येईल अशी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी नाव) घ्यावी असा विचार पक्का होत आला आहे.

कयाक कोणती घ्यावी, रॉड आणि रील कोणते असावे, किनाऱ्यापासून किती आत जावे आणि यासाठी कोणाची परवानगी लागते का, हे जाणकारांनी सांगावे. मला पोहता येते, परंतु ते विहिरीत आणि नदीत. समुद्रात मी वल्हे कधी मारलेले नाही.

वल्हेकरी | सोमवार, सकाळी ७.१५

आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो. रॉड आणि रील शेवटी ठरवले तरी चालते, कारण खडपावर वापरलेली सामग्री पहिल्या हंगामाला पुरते. कयाकच्या बाबतीत सर्वांत आधी पाहायचे ते हे की पाण्यात पडलेल्या माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय परत वर चढता येते की नाही. ज्याला ते जमत नाही त्याने कंबरभर पाण्याच्या पुढे जाऊ नये, मग तो कितीही चांगला पोहणारा असो.

वर बसायची, म्हणजे ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारचीच कयाक घ्यावी. हिच्या तळाला आरपार भोके असतात, त्यातून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते, आणि ती उलटली तरी आत पाणी भरत नाही. ज्या कयाकमध्ये पाय आत घालून बसतात ती वेगाला चांगली असते, परंतु उलटल्यावर पाण्याने भरते आणि ते पाणी उपसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लांबी साडेदहा ते तेरा फूट आणि रुंदी तीस ते तेहतीस इंच असावी. लांब कयाक सरळ चालते आणि लाटेवर कमी आपटते, तर रुंद कयाक स्थिर असली तरी तिला ओढायला ताकद अधिक लागते. कंपनीने लिहिलेली भारक्षमता म्हणजे बुडण्याआधीची सीमा असते, म्हणून आपले वजन आणि सामान मिळून त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहील असे पाहावे.

वापरलेली कयाक स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. मात्र घेण्यापूर्वी तळाचे बूच उघडून तिच्या पोटात दोन बादल्या पाणी ओतावे, कयाक दोन स्टुलांवर ठेवून हलवावी, आणि त्या आरपार भोकांच्या कडांवर बोट फिरवून पाहावे. केसासारखी बारीक चीर बहुधा तिथेच असते, कारण वाळूवरून ओढताना सर्व भार त्याच ठिकाणी पडतो. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु पाण्याचा थेंब तिथे धरलेला बोटाला जाणवतो.

आता पुन्हा चढण्याविषयी. एखाद्या शांत सकाळी छातीभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करावी. पलीकडची कड किंवा तिथला पट्टा धरून अंगाचा भार मागे टाकला की ती सुलटी होते. त्यानंतर बहुतेक जण एकच चूक करतात: पाय खाली लोंबते ठेवून, हात टेकून, भिंतीवर चढावे तसे वर चढू पाहतात आणि कयाक पुन्हा अंगावर ओढून घेतात. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत झपझप मारावेत, म्हणजे शरीर आडवे होते, आणि मग आसनाच्या जागी पोटावर सरकून जावे. त्यानंतर कूस वळवून बूड आसनात टेकवावे आणि पाय सर्वांत शेवटी आत घ्यावेत. पोट, बूड, पाय हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत गरी घरीच ठेवावी. हा सराव लाइफ जॅकेट घालूनच करावा, कारण छातीवरचा जाड फोम चढताना आडवा येतो आणि ते घरी बसून कळत नाही. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कोणीतरी खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर माप चुकले आहे.

शंकेखोर | सोमवार, सकाळी ११.०५

हवा भरायच्या कयाकविषयी कोणी बोलत नाही. मी सदनिकेत राहतो, गाडीच्या टपावर बारा फुटी वस्तू बांधून ताम्हिणी घाट उतरायची माझी तयारी नाही. हवेची कयाक डिकीत मावते आणि किंमतही बरीच कमी असते. तिचे काय वाईट आहे?

वल्हेकरी | सोमवार, दुपारी १.३०

खाडीच्या आतल्या शांत पाण्यात काही वाईट नाही. समुद्रात मात्र ती पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला पाचोळ्यासारखी उडवत नेतो आणि वल्ह्याला दाद मिळत नाही. शिवाय आपण तिच्यात गळ, सुरी आणि शिंगाळ्याचा काटा घेऊन बसणार आहोत. कालवांनी भरलेल्या खडपाला ती एकदा घासली की पुढचे सांगायला नको. टपाविषयी म्हणाल तर दोन आडव्या दांड्यांवर मधोमध दोन पट्टे आणि पुढच्या-मागच्या टोकांना गाडीच्या हुकाशी बांधलेला एकेक दोर, एवढे असले की घाटात ती हलत नाही.

देवगडकर | सोमवार, रात्री १०.२०

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, त्यामुळे कयाकच्या फुटांविषयी आणि इंचांविषयी मी बोलणार नाही. पाणी आणि वारा यांविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. हा हिशेब मुंबईला चांगला जुळतो. आपल्या किनाऱ्यावर पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे भरत जाते, म्हणून दापोलीला काही मिनिटे आणि आमच्याकडे त्याहून जास्त मिनिटे वजा करावी लागतात. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तर मालवणकडे ते साधारण दोन मीटरच असते. त्यामुळे मुंबईच्या माणसाने सांगितलेला ओढीचा अनुभव मालवणला आणि मालवणचा मुंबईला जसाच्या तसा लावू नये. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो आणि अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा सर्वांत कमी जोर, असतो, तेव्हा पाणी मऊ असते.

सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते, आणि खाडीच्या मुखात ओढ असते ती त्याच वेळी. उधाणाच्या दिवशी अरुंद मुखात ही ओढ दोन-तीन नॉटपर्यंत जाते. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. नवशिका माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरने हाकतो. या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी.

वाऱ्याचे गणित याच्या जोडीने मांडावे लागते. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी काचेसारखे दिसते, कयाक आपोआप पुढे जाते आणि माणसाला वाटते की आपल्याला वल्हे मारणे जमले. साडेदहा-अकरानंतर तो पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. आता पौर्णिमेचा दिवस घ्या. भरती अकराच्या सुमारास पूर्ण झाली, म्हणजे ओहोटीचा जोर दुपारी एक ते तीन. खारा वारा त्याच वेळी आत येऊ पाहतो आणि खाडीचे पाणी त्याच वेळी बाहेर पडत असते. दोन्ही समोरासमोर आले की मुखावर लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि ज्या जागेवरून सकाळी आपण हसत बाहेर पडलो तिथेच दुपारी यांत्रिक होडीसुद्धा जपून येते. अष्टमीला याच्या उलट असते: सकाळी ओहोटी आणि मतलई दोन्ही बाहेर ढकलतात, दुपारी भरती आणि खारा वारा दोन्ही आत आणतात. ओढ त्या दिवशी कमी असते हे खरे, परंतु सकाळी आपण ठरवल्यापेक्षा लांब जातो आणि परतायची वेळ झाल्याचे लक्षात येत नाही.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८.५०

देवगडकर, एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तिथीचा हिशेब आजोबा करत असत, परंतु वाऱ्याशी त्याची सांगड घालून पाहावी हे मला सुचले नव्हते. दोन गोष्टी विचारतो. आंजर्ल्याला खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तिथे लाट फुटते. तिथून बाहेर पडावे की सरळ पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून)? आणि हर्णै बंदर शेजारीच असल्याने मासेमारी होड्यांची ये-जा बरीच असते, त्याचे काय करावे?

देवगडकर | मंगळवार, दुपारी १२.४०

पहिल्या हंगामात दोन्हींकडून बाहेर पडू नये. खाडीच्या आत, पुलाच्या वरच्या अंगाला पाणी आहे, कांदळवन आहे आणि मासाही आहे. मुख ओलांडायची घाई कशासाठी?

पुढे कधी बाहेर गेलात तर होड्यांच्या वाटेवर थांबू नये. मागून येणाऱ्या होडीवरच्या तांडेलाला (होडी हाकणाऱ्याला) नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आडोशामुळे पाण्यालगत बसलेला माणूस दिसत नाही, विशेषतः पहाटे आणि सूर्य समोर असताना. कयाक पिवळी किंवा नारिंगी घ्यावी, मागे चार फुटांच्या काठीवर रंगीत फडके लावावे आणि अंधार असताना पाण्यात उतरू नये. निळी, हिरवी आणि चट्ट्यापट्ट्यांची कयाक फोटोत चांगली दिसते, समुद्रात दिसत नाही.

जाळ्यांविषयीही सांगायला हवे. पाण्यावर बोये किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले की खाली कोणाचे तरी जाळे आहे असे समजावे आणि त्याच्या टोकाला वळसा घालून जावे. त्यात गळ अडकला तर तंगूस (गरीचा दोरा) तोडून द्यावी, जाळे ओढू नये. पुळणीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लागलेली असेल तर ती पूर्ण ओढून होईपर्यंत त्या भागात कयाक घालू नये. हौशी माणसाच्या कयाकमुळे रापणीच्या दोरातून मासा निसटला तर गावात आपले नाव निघते, आणि ते योग्यच आहे.

ऑकलंडवासी | मंगळवार, सायंकाळी ४.१०

मी गेली बरीच वर्षे न्यूझीलंडमध्ये राहतो आणि हौराकी आखातात कयाकमधून मासेमारी करतो. इथे हा छंद सर्रास आहे. शनिवारी पहाटे किनाऱ्यावर गाड्यांच्या टपांवरून कयाक उतरवणाऱ्यांची रांग लागते आणि स्नॅपर हा सगळ्यांचा मासा. इथे त्याची लांबी किमान तीस सेंटिमीटर असावी लागते आणि एका माणसाला दिवसाला सातच ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक कयाकला मोजपट्टी चिकटवलेली असते.

इथल्या शिस्तीतील एक गोष्ट आपल्याकडे घ्यावी असे वाटते. मदत बोलावण्याची दोन साधने जवळ हवीत, दोन्ही पाण्यात चालणारी, आणि दोन्ही अंगावर. ती कयाकच्या खणात ठेवली आणि कयाक वाऱ्याने निघून गेली तर साधने कयाकबरोबर जातात. जलरोधक पाकिटातला मोबाइल गळ्यात नव्हे तर जॅकेटच्या खिशात बांधावा, आणि जॅकेटलाच एक शिट्टी असावी.

पायडलच्या कयाकचाही विचार करावा. होबी कंपनीने १९९७ साली पायाने चालवायची पद्धत आणली तेव्हापासून इथल्या निम्म्या लोकांनी हाताचे वल्हे जवळजवळ सोडले आहे. हात मोकळे राहतात, वाऱ्यात एका जागी थांबता येते आणि गरी ओढत फिरणे फारच सोपे जाते. शिवाय नांगर टाकून बसलात तर खडकाळ जागी एका ठिकाणी निवांत मासे धरता येतात.

वल्हेकरी | मंगळवार, रात्री ९.००

ऑकलंडवासी यांच्या पहिल्या सूचनेशी पूर्ण सहमत. आपल्याकडे समुद्रात अडचण आली तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आहेत. ते मोबाइलमध्ये साठवावेत आणि घरच्यांनाही द्यावेत. निघताना एका माणसाला तीन गोष्टी सांगून जावे: कुठून निघालो, कुठपर्यंत जाणार आणि किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर फोन करायचा. किनाऱ्यावरच्या सागरी पोलीस ठाण्यात आणि मच्छीमार सोसायटीत आपली ओळख आधीच करून ठेवावी. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक अनोळखी होडीकडे लोक लक्ष ठेवून असतात, आणि ठेवायलाच हवे.

पायडल आणि नांगर यांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. पायडलचे पंखे तळाखाली हातभर उतरतात. आपल्या खाड्यांत वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात, आणि भर वेगात पंखा वाळूत रुतला की तो वाकतो किंवा मोडतो. सुटे भाग मिळेपर्यंत हंगाम संपतो. शिवाय पायडल बंद पडल्यावर त्या जड कयाकला वल्ह्याने परत आणता आले पाहिजे, म्हणजे वल्हे शिकणे टळत नाहीच.

नांगर नवशिक्याने घेऊच नये. ओढ असलेल्या पाण्यात नांगराचा दोर कयाकच्या कुशीला बांधला तर पाणी त्या बाजूला दाबते आणि कयाक काही क्षणांत आडवी होऊन उलटते. दोर नेहमी टोकाशीच असावा लागतो आणि एका झटक्यात सुटेल असा असावा लागतो. हे सांभाळण्यापेक्षा पाण्याबरोबर हळूहळू वाहत जाऊन मासेमारी करावी. वारा जास्त असेल तर कापडी छत्रीसारखा ड्रोग पाण्यात सोडावा, म्हणजे वाहण्याचा वेग निम्म्यावर येतो.

फुटत्या लाटेतून जाण्याचा प्रश्न कधीतरी येणारच, म्हणून लिहून ठेवतो. लाटा घोळक्याने येतात. मोठ्यांचा घोळका गेला की मध्ये सवड मिळते, ती आधी काठावर उभे राहून मोजावी. जाताना नाळ लाटेला काटकोनात ठेवावी आणि वल्हे थांबवू नये. येताना लाटेच्या पुढे धावू नये, तिच्या पाठीवर राहावे. कयाक आडवी झाली की ती उलटणारच, तेव्हा समुद्राच्या बाजूला उडी टाकावी. किनारा आणि कयाक यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, कारण लाटेने ढकललेली तीस किलोची कयाक गुडघे मोडते. रॉड आणि गळ या वेळी बांधून खणात असावेत, उभे खोचलेले नसावेत. वल्ह्याला दोरी लावायची सवय चांगली असली तरी फुटत्या लाटेत ती सोडून ठेवावी, ती पायात गुंतते.

आणखी एक. वारा नसतानाही मोठी लाट येऊ शकते. दक्षिण गोलार्धातल्या दूरच्या वादळातून निघालेला फुगवटा अनेक दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतो. खोल पाण्यात तो जाणवत नाही, परंतु वाळूच्या दांड्यावर उभा राहतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांची उंची आणि दोन लाटांमधील सेकंद रोज जाहीर करते. उंची मीटरभरच असली तरी सेकंद चौदाच्या वर गेले असतील, तर त्या दिवशी मुखाकडे फिरकू नये.

तंगूस | बुधवार, सकाळी १०.३०

मासे राहिले बाजूला, म्हणून आता तिकडे वळू या.

कयाकमध्ये आपण बसून असतो, त्यामुळे खडपावरचा नऊ-दहा फुटी रॉड इथे अडचणीचा होतो. साडेसहा ते सात फुटांचा, मागची मूठ आखूड असलेला रॉड घ्यावा. त्याहून आखूड घेतला तर मासा नाळेखालून पलीकडे गेल्यावर रॉडचे टोक नाळेवरून फिरवता येत नाही आणि दोरा कडेला घासून तुटतो. चार हजार मापाचे रील, वीस ते तीस पौंडांचा ब्रेड (विणलेला दोरा) आणि पुढे दोन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर) चाळीस पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाकडचा दोरा) एवढे पुरते. सुरमईसाठी गळाच्या वर वीतभर तार हवी, नाहीतर ती दाताने लीडर कापून आमिषासकट जाते. रीलचा ड्रॅग (मासा ओढू लागल्यावर दोरा किती ताणाला सुटावा ते ठरवणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवावा. मोठा मासा कयाक ओढू लागला तर ओढू द्यावी, त्यात तोच थकतो. फक्त त्याला कुशीला येऊ न देता नाळेच्या दिशेला ठेवावे, कारण आडव्या ओढीने कयाक कलंडते.

खाडीत कांदळवनाच्या काठाला जिवंत कोळंबी तांबोशीसाठी सर्वोत्तम. पाणी भरत असताना तांबोशी मुळांच्या आत शिरते, आणि गळ लागल्यावर पहिल्या दोन क्षणांत तिला बाहेर ओढले नाही तर मुळांत गुंडाळून मोकळी होते. जिताड्यासाठी जिवंत बोईट किंवा तसल्याच आकाराची रबरी मासोळी. बाहेर खडपांवर हेकरू आणि तांबोशीला माकुलाची पट्टी चालते, ती गळावर टिकते आणि छोटे मासे तिला लवकर कुरतडत नाहीत. बांगड्याचा थवा दिसला तर पिसांचे सहा गळ असलेली साबिकी सोडावी. सुरमईसाठी पंचवीस-तीस मीटर मागे मिनो (माशाच्या आकाराचे खोटे आमिष) सोडून नेहमीच्या वेगाने वल्हे मारत राहावे. पापलेटाची आशा धरून कोणी येत असेल तर आधीच सांगतो, तो जाळ्याचा मासा आहे, गळाला क्वचितच लागतो.

मासा मोठा म्हणजे ठेवलाच पाहिजे असे नाही. जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हेकरूचे नेमके उलटे. त्यामुळे अतिशय मोठा जिताडा म्हणजे अंड्यांची खाण, आणि तो परत सोडला तर खाडीचे भले होते.

डॉक्टर_रेवदंडा | बुधवार, दुपारी २.४५

तंगूस दादांनी शिंगाळ्याचा उल्लेख केला नाही. हंगामात माझ्याकडे येणाऱ्या हौशी गरीवाल्यांपैकी बहुतेकांच्या हातात त्याचाच काटा गेलेला असतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे असतात, ते करवती असतात आणि त्यावर विष असते. कयाकमध्ये मासा मांडीवर येतो, म्हणून धोका काठापेक्षा जास्त. हाताने धरू नये, चिमटा किंवा ग्रिपर वापरावा आणि गळ लांब पक्कडीने काढावा. पाकटाला कयाकवर घेऊच नये, दोरा कापून सोडावे.

काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण पंचेचाळीस अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. हे विष उष्णतेने निकामी होते आणि वेदना लवकर उतरते. पाणी दुसऱ्या हाताने तपासावे, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर घरी कोरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन हंगामापूर्वी घेतलेले बरे. केंड मासा मिळाला तर खाऊ नये, त्याचे विष शिजवून जात नाही.

उन्हाविषयीही लिहिते. आपल्याकडे नोव्हेंबरातही समुद्राचे पाणी कोमट असते, त्यामुळे थंडीने गारठण्याची भीती नसते. माणूस पडतो तो पाणी न प्यायल्याने. चार तासांसाठी दोन लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हनुवटीखाली बांधायची टोपी हवी.

वल्हेकरी | बुधवार, रात्री ८.१५

परवानगीचा प्रश्न राहिला होता. राज्याच्या समुद्रातील मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली चालते. पावसाळ्यातील १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना उद्देशून आहे, परंतु त्या काळात कयाक पाण्यात घालणे हा कायद्यापेक्षा जिवाचा प्रश्न आहे, आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र बसायला वेळ घेतो. हौशी माणसाने ऑक्टोबरच्या आधी विचार करू नये. मासा घरी खाण्यापुरता ठेवावा, विकायला बसू नये. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ती मत्स्यव्यवसाय कार्यालयात पाहून मोजपट्टीवर खुणा करून ठेवाव्यात.

मालवणला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारी करता येत नाही. आंजर्ल्याला पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तेव्हा हंगामात कुंपण घातलेल्या जागेजवळून कयाक ओढत नेऊ नये. गळाला कासव लागले तर गळाजवळ दोरा कापून त्याला जाऊ द्यावे.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री १०.००

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या गावभेटीसाठी असे योजले आहे: पहिले दोन दिवस फक्त उलटणे आणि चढणे. त्यानंतर द्वादशीच्या सकाळी पुलाच्या वरच्या अंगाला खाडीत उतरायचे, पाणी भरत असेल त्याच्याबरोबर आत जायचे आणि अकराच्या सुमारास परत यायचे. सोबत चुलतभाऊ काठावरून चालत येईल. हिशेब बरोबर आहे का?

देवगडकर | शुक्रवार, सकाळी ६.५०

तिथी चांगली निवडली आहे, परतीची वेळ तेवढी बदला. द्वादशीची भरती हिशेबाने नऊला, तुमच्याकडे त्याच्या थोडी आधी पूर्ण होईल. उजाडल्यावर निघालात तर दोन तास भरते पाणी मिळेल. पाणी भरून थांबते तेव्हा पंधरा-वीस मिनिटे ते इकडे-तिकडे कुठेच जात नाही, तेवढ्यात वळायचे आणि उतरत्या पाण्याच्या पहिल्या तासात, म्हणजे साडेनऊ-पावणेदहापर्यंत धक्क्याला लागायचे. अकरापर्यंत थांबलात तर तिसरा तास सुरू होतो. धक्का चुकला तर पाणी पुलाखालून मुखाकडे नेते, आणि पुलाच्या खांबांवर आडवी कयाक अडकली तर ती सोडवता येत नाही. काठावरच्या भावाच्या हातात पंधरा वाव दोर आणि मोकळा प्लॅस्टिकचा कॅन द्या, फेकायला उपयोगी पडतो. बांधलेल्या होड्यांच्या नांगरदोरांपासून लांबून जा.

तंगूस | शुक्रवार, सकाळी ९.२०

जिवंत कोळंबी हवी असेल तर एकादशीच्या संध्याकाळीच पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा, पहाटे ऐन वेळी मिळत नाही. बादलीत खाडीचेच पाणी घ्या आणि ते तासाभराने बदला. विहिरीच्या पाण्यात ती लगेच मरते आणि मेलेल्या कोळंबीला शिंगाळ्याशिवाय कोणी विचारत नाही.